टप उघडण्याआधी तळ पाहावा

गाडी आणि आपला समाज यांचे नाते सरळ नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना, जात कळताच एकही गाडीवान आपल्या बैलगाडीत घेईना. शेवटी एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही मुलांनीच बैल हाकायचे व त्याने बाजूने पायी चालायचे या अटीवर. पुढे १९२९ साली बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले असता चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. आपला पाहुणा पायी चालत येणे महारवाड्यातील मंडळींना कमीपणाचे वाटले. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला तयार होता, पण हाकायला नाही. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, टांगा घोड्यासह खाली गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतःच हे सारे लिहून ठेवले आहे.

या प्रसंगातून अस्पृश्यतेविषयी जे शिकायचे ते आपण शिकलोच आहोत. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. त्या बांधवाच्या हाती लगाम आला होता, मन स्वाभिमानाने भरलेले होते; नव्हती ती फक्त लगाम धरण्याची विद्या, कारण ती त्याला कोणी शिकूच दिली नव्हती. स्वाभिमानाला विद्येची जोड लागते. ही जोड घरच्या घरी, एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने कशी देता येते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही उभयता इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही आणि आमची कन्या यांनी मिळून १९७२ सालची 'एमजीबी' ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी विकत घेतली आणि दुरुस्त केली. वाचक म्हणतील, हा कसला शौक? आपल्या कुटुंब-पानाशी याचा काय संबंध? संबंध आहे. तो पुढे येईलच.

गाडीचे घराणे

'एमजी' म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड शहरातील विल्यम मॉरिस यांच्या गाड्यांच्या विक्री-दुरुस्ती व्यवसायाचे हे नाव. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, चपळ बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि या नावाच्या स्पोर्ट्स गाड्या जन्माला आल्या. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत राहिली. उघड्या टपाची आणि बंद छताची अशा दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आज भारतातील रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या गाड्या दिसतात, त्यांचे नाव हेच. मात्र त्या नावाची मालकी आता चीनमधील कंपनीकडे आहे.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागा आणखी आहे. आपली ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीचेच भारतीय रूप. अनेक दशके ॲम्बेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बसत होते, ते 'बी-सिरीज' घराण्यातले. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन हे त्याच घराण्यातले थोरले भावंड. ज्याने नागपूरच्या किंवा दादरच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात ॲम्बेसेडरचे इंजिन उघडलेले पाहिले आहे, त्याला एमजीबीच्या बॉनेटखाली परके असे फार थोडे वाटेल.

आम्ही हीच गाडी का निवडली, तर तिची रचना साधी आहे, तिच्यात संगणक नाही, आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था तिची संपूर्ण बॉडीसुद्धा नव्याने बनवून देते. जुनी गाडी घेताना हा पहिला प्रश्न विचारावा: हिचे सुटे भाग मिळतात काय? भाग मिळत नसतील तर गाडी कितीही देखणी असो, ती अंगणातील शोभेची वस्तू होऊन बसते.

पैशाचा हिशेब

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एका भागाचा उपभोग घ्यावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत, चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. म्हणजे गृहस्थाने आनंद घेऊच नये, असे धम्म सांगत नाही. तो कुठल्या भागातून घ्यावा, एवढेच सांगतो.

आम्ही हाच हिशेब धरला. घराचे हप्ते, कन्येचे शिक्षण आणि गावाकडे पाठवायची रक्कम बाजूला काढल्यावर चार वर्षांत जे साठले तेवढेच या कामाला लावायचे, आणि एक पौंडही कर्ज काढायचे नाही, असे ठरले. त्या रकमेतही सहा आणे गाडीसाठी आणि दहा आणे दुरुस्तीसाठी, अशी विभागणी केली. पुष्कळ लोक सगळे पैसे गाडी घेण्यातच घालतात. मग ब्रेक दुरुस्तीला पैसे उरत नाहीत आणि गाडी ताडपत्रीखाली कुजते. जुन्या गाडीची किंमत दोनदा द्यावी लागते: एकदा विकणाऱ्याला, दुसऱ्यांदा गाडीला.

विकणाऱ्याचा शब्द आणि आपला डोळा

कालामांना भगवंतांनी दिलेला उपदेश आपण विहारात नेहमी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, बोलणारा प्रतिष्ठित आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाने हा उपदेश खिशात ठेवावा.

आमच्या विहारात पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातून १९६० च्या दशकात इकडे आलेले एक वृद्ध उपासक येतात. त्यांची हयात इकडच्या लोखंडाच्या फाउंड्रीत गेली. आम्ही त्यांना अंकल म्हणतो. गाडी पाहायला जाताना त्यांना सोबत नेले. त्यांनी खिशात तीन वस्तू घेतल्या: एक लहान लोहचुंबक, एक टॉर्च आणि एक लाकडी मुठीचा पेचकस. वाटेत म्हणाले, "बेटा, जंग सिर्फ देखने की चीज़ नहीं, सुनने की भी चीज़ है." चांगला पत्रा ठोकला की खणखणीत वाजतो, कुजलेला पत्रा भद्द वाजतो.

पहिली गाडी लालभडक होती. रंग नुकताच दिलेला, चाकांच्या तारा चकचकीत. आमच्या कन्येचा जीव तिच्यावर जडला. अंकलनी दाराखालच्या पट्टीवर चुंबक टेकवले; ते खाली पडले. दुसरीकडे टेकवले, तिथेही पडले. म्हणजे रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती. विकणारा म्हणाला, वरवरचे काम आहे, सगळेच करतात. अंकल काही बोलले नाहीत. गाडीचे दार उघडून त्यांनी आम्हाला फक्त फट दाखवली. दाराच्या मागची उभी फट खाली रुंद आणि वर अगदी चिंचोळी होती. याचा अर्थ गाडी मधोमध खचू लागली होती.

हे का घडते, ते समजून घेतले पाहिजे. एमजीबीला खाली वेगळी चासी नाही; पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. बंद गाडीत छतही बॉडीला ताठ ठेवते. उघड्या टपाच्या गाडीला छतच नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचा बहुतेक भार दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर येतो. त्यांना इथे 'सिल' म्हणतात. सिल बाहेरून एक दिसते, पण आत पत्र्याचे तीन पदर असतात. बाहेरचा पदर बदलून आतले कुजलेले पदर तसेच ठेवले की गाडी दिसायला नवी आणि भार घ्यायला पोकळ. खड्ड्यात किंवा अपघातात अशी गाडी मधोमध दुमडू शकते. म्हणून टप उघडून मिरवण्याआधी तळ पाहावा, हा या सगळ्या व्यवहाराचा पहिला नियम.

तळ पाहण्याच्या आणखी काही जागा सांगतो. जॅक लावण्याच्या जागी गाडी थोडी उचलून दार उघडून पाहावे. दार अडकले तर सिल कमकुवत आहे. आसनांच्या मागे फळीखाली बॅटरीचे कप्पे असतात (१९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत). ते कप्पे हमखास कुजतात. पायाखालची सतरंजी उचलून तळाचा पत्रा पाहावा. पुढच्या मडगार्डच्या आत, दाराच्या बिजागऱ्यांच्या बाजूला चिखल साचतो. तिथे टॉर्च मारावा. ओलावा, चिखल आणि हवा ही कारणे; गंज हे कार्य. कारण काढले की कार्य थांबते, एवढे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडातूनच निघून लोखंडालाच खाणाऱ्या गंजाचा दृष्टान्त आहे. तो माणसाच्या दुष्कर्मांविषयी आहे, पण मोटारीलाही अक्षरशः लागू पडतो.

इंजिनाची परीक्षा त्यामानाने सोपी. गाडी गरम झाल्यावर चालताना तेलाचा दाब ५० ते ८० पौंडांच्या मध्ये असावा, उभी असताना १० ते २५ च्या मध्ये. निळा धूर दिसला तर तेल जळते आहे. दुसरा गिअर टाकताना कर्रर्र वाजले तर गिअरबॉक्समधील सिंक्रोमेश झिजले आहे. तारांची चाके असतील तर गाडी पुढे-मागे ढकलून पाहावी. 'टक्' असा आवाज आला तर चाकाच्या आतील दाते झिजलेले आहेत.

तिसरी गाडी पाहिली ती आम्ही घेतली. फिकट हिरवी, डावीकडे पोचा आलेली, टपाचे कापड फाटलेले. पण मालकांनी आम्ही विचारण्याआधीच स्वतः खाली वाकून कुठे कुठे गंज आहे ते दाखवले, आणि १९८० च्या दशकापासूनच्या दुरुस्तीच्या पावत्यांची फाइल हाती दिली. दार उघडले, फटी वर-खाली सारख्या होत्या. मुसावादापासून विरत राहणे हे शील फक्त बुद्धवंदनेत म्हणण्यासाठी नाही, बाजारातही लागते. त्या गृहस्थांना आपली शीले ठाऊक नव्हती, पण ते ती पाळत होते. आम्ही किमतीची फार घासाघीस केली नाही.

आधी थांबणे, मग चालणे, मग दिसणे

दुरुस्तीचा क्रम आम्ही असा ठरवला. गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि सर्वांत शेवटी चांगली दिसली पाहिजे. बहुतेक हौशी लोक नेमके उलटे करतात.

सिलचे वेल्डिंग आम्ही जाणकार कारागिराकडून करून घेतले. हे काम शिकाऊ हातांचे नाही. त्याने दाराच्या चौकटीत आडवी पोलादी पट्टी लावून बॉडी जखडून घेतली, गाडीचे वजन चाकांवरच ठेवले आणि एका वेळी एकाच बाजूचे पत्रे कापले. गाडी हवेत उचलून, आधार न देता सिल कापली तर ती वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड होते आणि दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. नव्या सिलच्या पोकळीत पातळ मेण फवारले आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवली.

बाकीचे काम आम्ही तिघांनी केले. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असे या गाडीचे ब्रेक आहेत. ब्रेकच्या रबरी नळ्या, धातूच्या नळ्या, मागचे सिलिंडर आणि तेल सगळे बदलले. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यातील धूळ तोंडाने किंवा हवेने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी. टायरची नक्षी चांगली होती, पण टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ते टायर अठरा वर्षांचे निघाले. नक्षी कितीही असली तरी इतके जुने रबर कडक होऊन फुटते. पाचही टायर काढून टाकले.

पुढच्या चाकांना किंगपिन आहेत. प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निपल असतात आणि दर तीन हजार मैलांनी तिथे ग्रीस भरावे लागते. पाच मिनिटांचे काम, पण ते न केल्याने हजारो किंगपिन झिजून गेले असतील.

गाडीखाली जायचे तर फक्त जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. लोखंडी घोड्यांचा पक्का आधार द्यावा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी. पेट्रोलच्या टाकीला, रिकामी असली तरी, आच लावू नये. ही तीन वाक्ये आमच्या कन्येने मोठ्या अक्षरात लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावली आहेत.

"मिस्त्रीकाम करायला शिकलात का?"

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या हातांना ग्रीस लागलेले पाहून आपल्यातल्याच एका स्नेह्यांनी विचारले, "मिस्त्रीकाम करायला एवढे शिकून परदेशात आलात का?" बोलण्यात वाईट हेतू नव्हता. आपल्या आईवडिलांनी आयुष्यभर हातांनी राबून आपल्याला शिकवले ते याचसाठी की आपल्याला राबावे लागू नये. त्यामुळे सुशिक्षित घरातील मुलगी पाना हाती घेऊन गाडीखाली झोपलेली पाहिली की मनाला काहीतरी टोचते. हे टोचणे खरे आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

पण त्याचे मूळ कुठे आहे? आमच्या कन्येचे आजोबा रेल्वेच्या एका कारखान्यात खलाशी होते. तीस वर्षे त्यांनी इंजिने खोलली, जोडली. यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगायचे. परंतु यंत्राचे माहितीपुस्तक इंग्रजीत, साहेबांच्या कपाटात कुलूपबंद. ज्याच्या हाताला यंत्र कळत होते त्याला पुस्तक मिळत नव्हते, आणि ज्याच्याकडे पुस्तक होते तो यंत्राला हात लावीत नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले आहे की जात केवळ कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळे करते आणि त्यांची उतरंड लावते. आम्हाला त्याचा अर्थ त्या कपाटापाशी कळतो. हाताला कमी लेखणारे पुस्तक आणि पुस्तकापासून तोडलेला हात, दोन्ही जातीचीच अपत्ये आहेत.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या संध्याकाळी इंजिनातून बारीक टकटक येत होती. अंकलना वाटले पेट्रोलच्या पंपाचा आवाज असेल, कारण या गाडीचा पंप टिकटिकतोच. कन्येने कल्याणला आजोबांना व्हिडिओ फोन लावला आणि फोन बॉनेटजवळ धरला. आजोबा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांनी एमजीबी कधी पाहिलेली नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"पोरी, जरा रेस वाढव." तिने वाढवली. "आता सोड." तिने सोडले.

"टॅपेट वाजतंय. एकच आहे. बाकीचे बरे आहेत."

"आजोबा, कितवं?"

"ते मला इथून कसं कळेल? तुझ्याजवळ पुस्तक आहे ना? त्यात गॅप दिलेली असेल. एकेक मोजून बघ."

तिने गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल उघडले. थंड इंजिनात व्हॉल्व्हची फट १५ थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, असे त्यात दिले आहे. आठ व्हॉल्व्ह असतात आणि त्यांचा नऊचा हिशेब असतो: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, सातवा उघडा असताना दुसरा, दोघांची बेरीज नेहमी नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, तिने फिलर गेज घेऊन एकेक व्हॉल्व्ह मोजला. सात ठीक होते. सहावा २२ थाउ निघाला. तिने तो १५ वर आणला, नट आवळला, झाकण लावले, इंजिन सुरू केले. टकटक गेली.

तिने आजोबांना पुन्हा फोन लावला आणि आकडा सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तकात असं सगळं लिहिलेलं असतं होय?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पण त्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले. होय, यासाठीच शिकलो. हात सोडून देण्यासाठी नव्हे, तर हातात पुस्तक यावे यासाठी शिकलो.

भारतातील वाचकांसाठी

आपल्याकडे एमजीबी फार थोड्या आहेत, आणि प्रत्येकाने अशी गाडी घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु जुनी मारुती, जुनी जीप किंवा जुनी मोटारसायकल घेणारी कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांनाही वरचे सगळे लागू पडते. शिवाय कागदपत्रांविषयी दोन शब्द.

आरसी पुस्तकावरील इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरील नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. मालकी बदलण्यासाठी आरटीओत फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ते झाले आहे काय, हे पाहावे. नाव बदलून घेण्यात टाळाटाळ करू नये, कारण नोंद जुन्या मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला तर दोन्ही घरे अडचणीत येतात.

तरुणांना आणखी एक सांगणे. बंद छताची गाडी कापून तिला उघड्या टपाची बनवण्याची हौस काहींना असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, छत कापल्यावर भार कुठे जातो हे वर सांगितलेच आहे. कारखान्यातून उघडी आलेली गाडी तिच्या सिलसह तशी रचलेली असते. कापलेली गाडी ही नुसती कापलेली गाडी असते.

आमच्याकडील नियम

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही आम्ही दरवर्षी गाडी तपासून घेतो. सक्ती नाही म्हणून ब्रेक झिजायचे थांबत नाहीत. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री इथे २००० सालापासून बंद झाली. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह-सीट कडक धातूच्या बसवलेल्या नसतील तर पेट्रोलमध्ये वेगळे द्रव्य घालावे लागते. २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. म्हणून नळ्या नव्या घातल्या आणि कमी इथेनॉलचे पेट्रोल वापरतो.

टप शेवटी बसवला. जुने कापड काढून नवे लावायला तिघांना दोन दिवस लागले. कापड थंडीत आखडते, म्हणून हे काम उन्हाच्या दिवशीच करावे. डावीकडचा पोचा अजून तसाच आहे. रंगाचे पैसे साठले की रंग देऊ.

पहिला लांबचा प्रवास लंडनचा केला, सुमारे १९० किलोमीटर. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर घेतले. घरासमोर गाडी उभी करून फोटो काढावा असे आधी मनात होते, पण कन्या म्हणाली, फोटो नको, आत जाऊ. आत पुस्तके पाहताना तिच्या नखांत अजून ग्रीस होते. आम्हाला ते पुसावेसे वाटले नाही.

वाचकहो, घरात जुने काहीही असो, शिवणयंत्र असो, मिक्सर असो की स्कूटर. ते भंगारात देण्याआधी एकदा मुलांसह उघडून पाहा. मुलांच्या हातात पाना द्या, आणि मुलींच्या हातात आधी द्या. शेजारी पुस्तक उघडे ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवा; त्यांच्या कानांत जे साठले आहे ते कुठल्याच पुस्तकात नसते. विकत घेताना तळ पाहा, विकताना तळ दाखवा. जयभीम!